भिंतीला टेकलेली कुदळ

माझी मुलगी भार्गवी हिने उमेदीची सगळी वर्षं एका देठावर घालवली. भोरच्या बाजारात कोणी विचारलं, "मुलगी काय करते हो तुमची?" तर मी असंच काहीतरी सांगायला जायचो, आणि समोरचा माणूस भाजीच्या पाट्यांकडे बघायला लागायचा. मग मी "लस बनवते" एवढं म्हणून सुटका करून घ्यायचो. माझा जन्म ग्रंथालयात गेला. पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे मला सांगता येतं, त्यात काय आहे हे चारचौघांत सांगायचं म्हटलं की मी चष्मा पुसत बसतो.

तरी इथे प्रयत्न करतो. फ्लूच्या विषाणूच्या अंगावर खिळे ठोकावेत तशी प्रथिनं असतात. प्रत्येक खिळ्याला वर डोकं आणि खाली देठ. दरवर्षी मिळणारी लस आपल्या शरीराला मुख्यतः ते डोकं ओळखायला शिकवते. विषाणू लबाड असतो. तो डोकं बदलत राहतो, आणि गेल्या वर्षीची लस यंदा निकामी होते. देठ मात्र तो फारसा बदलू शकत नाही, कारण आपल्या पेशीत शिरायला त्याला त्या देठाचाच उपयोग होतो. भार्गवीचं म्हणणं असं की डोकं उडवून टाकावं आणि शरीराला नुसता देठ दाखवावा. मग विषाणूने कुठलंही डोकं लावून येऊ दे.

हे सांगायला सोपं आहे. पण डोकं काढलं की देठ उलगडतो. त्यात तीन पेड एकमेकांना धरून असतात. गाठ मारायची राहिली की सुंभाचं टोक सुटतं, तसे ते पेड सुटायचे. भार्गवी ते बांधायची, ते पुन्हा सुटायचे. तिच्याबरोबरच्या मुली परदेशी गेल्या, मोठ्या पगारावर गेल्या. सुलू, म्हणजे माझी बायको, दिवाळीला तिला म्हणायची, "अगं, दुसरं एखादं झाड बघ की. ह्याच देठाला काय सोनं लागलंय?" भार्गवी हसायची आणि चकली खायची.

मग एका दुपारी तिचा फोन आला. "बाबा, उभा राहिला," एवढंच म्हणाली. मला कळलं. मी सुलूला सांगितलं तर ती म्हणाली, "बसा आता, तुम्ही का उभे राहिलात?" मी उभा होतो हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पुढे प्राण्यांवर चाचणी झाली, मग थोड्या माणसांवर, आणि लस सुरक्षित आहे असं ठरलं. आता दुसरा टप्पा होता. तिच्या लशीने शिकवलेलं शरीर खरोखरच वेगवेगळी डोकी लावलेले विषाणू ओळखतं का, हे त्यात कळणार होतं. त्यासाठी वेल्हे तालुक्यातल्या वाड्यांतून स्वयंसेवक घ्यायचे ठरले. निम्म्यांना नवी लस, निम्म्यांना नेहमीची. कोणाला कुठली मिळाली ते टोचणाऱ्यालाही कळणार नव्हतं.

स्वयंसेवकांना द्यायच्या माहितीचं मराठी पुण्याच्या ऑफिसात कोणीतरी केलं होतं. भार्गवीने ते मला दाखवलं. "पुनर्संयोजित प्रथिन," मी वाचलं, आणि चष्मा काढून पुसला.

"तुम्ही लिहा ना, बाबा."

"मला जमेल का?"

"सोपं करून लिहा. खरं लिहा."

मी खरं लिहिलं. मला रात्रंदिवस धाकधूक होती की एखादा शब्द चुकेल आणि तिचं काम बुडेल. प्रथिन कशात वाढवतात तिथे तर मी फार अडलो. पुण्याच्या मराठीत "कीटक-पेशी" असा मोघम शब्द होता. पण तो कीटक म्हणजे लष्करी अळी. गेली काही वर्षं आमच्याकडे मक्याचा पोंगा पोखरते, तीच. तिच्या पेशी फार पूर्वी कोणीतरी वेगळ्या काढल्या आणि त्यांचा वंश प्रयोगशाळेत अजून चालू आहे. त्या पेशींना देठाची कृती दिली की त्या देठ तयार करतात. मग तो वेगळा काढून स्वच्छ करायचा. मी "लष्करी अळी" असं स्पष्ट लिहिलं, आणि मग तो शब्द कोणाला खटकेल या विचाराने झोप उडवून घेतली.

खटकला तो रखमाजींना.

लावणी उरकल्यावर दांडवाडीच्या शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली. विंझर सोडून आत गेलं की ही वाडी लागते. खाली भाताची खाचरं, वर डोंगर. भार्गवी होती, किकवीचा संजय होता. चाचणीचं गावोगावचं काम त्याच्याकडे होतं. वाडीच्या आशा-कार्यकर्त्या वनिताताई यांनी लोक जमवले होते. मी मागच्या बाकावर बसलो होतो.

गळ्यात तुळशीची माळ घातलेले रखमाजी उठले. "बाई, ही लष्करी अळी म्हंजे आपल्या मक्यातली?"

"हो, तीच," भार्गवी म्हणाली.

"मंग म्या माळकरी मानूस. दंडात अळी घालून घेऊ व्हय?"

व्हरांडा हसला. मागून एक बाई म्हणाली, "अन्ना, मक्याच्या पिठातनं किती गेल्या त्या मोजल्या व्हत्या का?"

"ते न कळत झालं," रखमाजी शांतपणे म्हणाले. "हे कळून चाललंय."

भार्गवीने सगळं समजावलं. लशीत अळी नाही, अळीची पेशीही नाही, पेशींनी केलेलं प्रथिन तेवढं आहे. रखमाजींनी विचार केला. "म्हंजे सयपाक अळीनं केला, पन ताटात अळी न्हाई."

"अगदी असंच."

"आनि न्हाई घेतली तर?"

"तर काहीच नाही, अण्णा. आम्ही चहा पिऊन जाऊ. मनाविरुद्ध कोणी घ्यायची नाही."

रखमाजी खाली बसले. "दोन सालं माझा मका खाल्ला तिनं," ते शेजाऱ्याला म्हणाले. "करू दे जरा काम."

मग कोणीतरी विचारलं की फ्लूला दर साली वेगळी लस का लागते. भार्गवीने वळून माझ्याकडे पाहिलं. हे मला आधी सांगितलेलं नव्हतं. मी उठलो. 

"तुमच्याकडे बहुरूपी येतो का?" मी विचारलं.

"येतो की. पोलीस होऊन येतो."

"कधी पोलीस, कधी डॉक्टर. टोपी बदलतो. टोपीकडे बघत राहिलं तर दर वेळी फसायला होतं. पण त्याचे पाय तेच, चाल तीच. आतापर्यंतच्या लशी शरीराला टोपी दाखवायच्या. ही पाय दाखवते."

इतकं बोलून मी बसलो. नंतर घरी जाईपर्यंत मला वाटत होतं की उदाहरण थिल्लर झालं. पण वनिताताई दुसऱ्या दिवसापासून घरोघरी हेच सांगत फिरल्या आणि श्रावणात दांडवाडीच्या पुष्कळ लोकांनी लस घेतली. रखमाजींनी घेतली, देवीचे गुरव सावळाराम यांनी घेतली, वनिताताईंनी आणि त्यांच्या बौद्धवस्तीतल्या घरांनीही घेतली.

आता रक्त घ्यायचं राहिलं होतं, आणि सगळं त्यावरच होतं. लस टोचल्यानंतर ठरलेल्या दिवसांच्या आत प्रत्येकाचं रक्त मिळायला हवं होतं. मुदत टळली की तो नमुना धरत नाहीत. बाकीच्या वाड्यांतून काही माणसं गळाली होती. दांडवाडीचे नमुने आले नाहीत तर चाचणी अपुरी ठरणार होती. मग पुढच्या टप्प्याला कोणी पैसे देणार नव्हतं आणि उभा राहिलेला देठ शीतपेटीत पडून राहिला असता. भार्गवी हे मला सांगताना वांगी चिरत होती. चिरता चिरता तिने एक वांगं इतकं बारीक केलं की सुलूने ताट ओढून घेतलं.

मुदतीतले आधीचे दिवस गणपतीत गेले. घरात गणपती असताना रक्त काढून घ्यायला कोणी राजी नव्हतं. शेवटचा दिवस आला भाद्रपदातला मंगळवार.

संजय खूष होता. "त्या दिवशी दांडवाडीत मोडा असतो, काका. औत न्हाई, खुरपं न्हाई. पुण्यातली पोरंबी घरी येत्यात. आख्खं गाव घरी सापडंल. आपल्याला बोलवायबी जायला नको."

संजय किकवीचा, हायवेवरचा. तिथे मोडा म्हणजे कामाची सुट्टी एवढंच उरलं आहे. मी तर भोर शहरातला. मला तेवढंही माहीत नव्हतं. आम्हाला दोघांना तो दिवस फार सोयीचा वाटला.

मंगळवारी सकाळी आम्ही पोचलो. शाळेत टेबलं मांडली, बर्फाच्या पेट्या उघडल्या, रक्त फिरवून वेगळं करायचं यंत्र लावलं. वनिताताई आपल्या वस्तीतली माणसं घेऊन आल्या. त्यांचं रक्त घेऊन झालं. नंतर कोणी आलंच नाही.

गाव घरीच होतं. देवळासमोरच्या पारावर, ओट्यांवर बसलेलं होतं. लोक आमच्याकडे बघत होते, रामराम करत होते, पण जागचे हलत नव्हते. संजय पाराकडे गेला. मीही मागून गेलो.

"मोड्याला लोखंड टोचायचं न्हाई," सावळाराम गुरव म्हणाले. उंच, सडपातळ माणूस. आवाजात राग नव्हता. "भुईला टोचायचं न्हाई तर मानसाला कसं टोचायचं, डॉक्टर? तुमी किकवीचं. तुमाला म्हाईत पायजे व्हतं."

"आवं, पन सुई स्टीलची असती," संजय म्हणाला.

"स्टील काय झाडाला लागतं?"

रखमाजी म्हणाले, "सावळाराम, सकाळी दाढी केलीस की रं. ती कशानं केली?"

"दाढी खरडत्यात. टोचत न्हाईत."

"मंग बाईंना सांगू, रक्त खरडून घ्या."

पार हसला, पण कोणी उठलं नाही. "उद्या या," एकजण म्हणाला. "उद्या आख्खं गाव देतं. काढा बाटलीभर." उद्याचा उपयोग नाही हे संजयने सांगितलं. लोकांना खरोखर वाईट वाटलं. कोणाला आमचं नुकसान करायचं नव्हतं. पण मोडा का पाळतात, असं संजयने विचारलं तर कोणालाच नेमकं सांगता येईना. देवीचा कोप होतो, एवढंच. सावळाराम म्हणाले, "वाडवडलापासनं हाय. मोडला आनि कायतरी झालं तर कोन निस्तरनार?"

शाळेत परत आलो तर भार्गवी खुर्चीवर बसली होती, हात मांडीवर ठेवून. संजय म्हणाला, "मॅडम, तुम्ही एकदा बोला. तुमचं ऐकतील."

"नाही," ती म्हणाली. "त्यांना सांगितलं होतं, मनाविरुद्ध काही नाही. ते आजही खरं असायला हवं."

तिचा आवाज नेहमीसारखा होता. तिच्याकडे बघणं मला जमेना. वनिताताईंच्या ते ध्यानात आलं असावं. त्या म्हणाल्या, "चला सर, घोटभर चा घ्या घरी."

त्यांचं घर वस्तीच्या टोकाला. समोर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं. वनिताताईंच्या सासूबाई, अंबूबाई, दाराशी शेंगा सोलत बसल्या होत्या. मी कोपऱ्यात टेकलो. बोलायचं काय, हा माझा नेहमीचा प्रश्न. म्हणून मी भिंतीकडे बघत राहिलो. भिंतीला एक कुदळ उभी होती. तिच्या खाली सपाट दगड होता, आणि तेल लावलेलं पातं चकाकत होतं. शेतावर नेण्याची कुदळ दाराबाहेर वेगळी पडली होती. ही कामाची दिसत नव्हती.

"आजी, ही कुदळ अशी जपून का ठेवलीय?" मी विचारलं. विचारल्यावर वाटलं, उगाच चौकशा करतोय.

अंबूबाईंनी शेंग फोडली. "ती म्हाताऱ्याची. माझ्या मालकाच्या आज्याची. सटवा नाव व्हतं. म्या लगीन होऊन आले तवा म्हातारा जित्ता व्हता."

"त्यांची आठवण म्हणून?"

"त्याची कशाला? मानमोडीची."

मी चहाचा कप खाली ठेवला. शंभर वर्षांपूर्वीच्या फ्लूच्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत, हे मी वाचलेलं होतं. ज्या साथीने जगभर माणसं नेली, तीच. ती या वाडीतही आली असणार, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

अंबूबाई सांगत गेल्या, शेंगा सोलत. त्या साली पाऊस नव्हता आणि ताप आला. घरंच्या घरं निजली. जाळायला लाकडं सरली म्हणून पुरायला लागले. पुरायला अंगात बळ असलेला माणूस वाडीत एकच राहिला, सटवा. सकाळ-संध्याकाळ तो खड्डे खणायचा. पाटलाच्या घरचे, गुरवाच्या घरचे, आपल्या घरचे. कुदळीचा आवाज थांबत नव्हता. "मंग एक मंगळवार आला," अंबूबाई म्हणाल्या. "सांज झाली तरी कुनी बोलवायला आलं न्हाई. त्या दिशी कुनी मेलंच न्हाई. म्हाताऱ्यानं कुदळ धुतली अन् हितं भित्तीला लावली. गावानं ठरवलं, दर साली ह्या मंगळवारी भुईला लोखंड लावायचं न्हाई. कुदळीला इसावा."

"म्हणजे मोडा..."

"त्योच. आता आमी पाळत न्हाई. पन तेल लावतो."

मी वनिताताईंकडे पाहिलं. त्यांचा हात ओट्यावरच राहिला होता. "आत्याबाई, हे तुमी कधी बोलला न्हाई."

"तू कधी इचारलं न्हाईस."

"आजी," मी म्हणालो, "हे पारावर येऊन सांगाल?"

"मला तिथं कोन इचारतंय?"

"मी विचारतो," मी म्हणालो, आणि हे शब्द आपल्याच तोंडून आले का, अशी मला शंका आली. पारापर्यंत जाताना माझ्या मनात दहा गोष्टी आल्या. गावाने ऐकलंच नाही तर? अंबूबाईंचा अपमान झाला तर? हा गावातला जुना विषय, त्यात मी भोरहून येऊन हात घालतोय. दोनदा मी थांबलो. अंबूबाई मात्र काठी टेकत पुढे चालत राहिल्या, त्यामुळे मला चालावंच लागलं.

पारावर मी म्हणालो, "अंबूबाईंना काही सांगायचंय."  पुढचं काही मला बोलावं लागलं नाही.

अंबूबाईंनी सावळारामांकडे पाहिलं. "सावळाराम, तुजं गाऱ्हानं म्हन. मोड्याचं."

"आता? देवीम्होरं दिवा लावल्यावर म्हनतो म्या."

"मला म्हनून दाखीव."

सावळाराम गोंधळले. पण वयाने त्या आईच्या जागी. त्यांनी डोळे मिटले आणि भरभर म्हणायला सुरुवात केली. "आई, लेकराबाळास्नी राख. गुराढोरांस्नी राख. खळ्याला बरकत दे. कुदळ भित्तीला राहू दे..."

"थांब," अंबूबाई म्हणाल्या. "कुनाची कुदळ?"

सावळारामांनी डोळे उघडले.

"तुज्या बापानंबी हेच म्हनलं, आज्यानंबी हेच. कुनाची कुदळ? कुठल्या भित्तीला?"

 सावळाराम हळूच म्हणाले, "म्हाईत न्हाई, काकू. बापानं शिकवलं तसं म्हनतो."

मग अंबूबाईंनी सांगितलं. घरी सांगितलं तसंच, एक शब्द जास्त नाही. सटवाने गुरवांच्या घरचे कोण कोण पुरले, त्यांची नावंही सांगितली. सावळारामांना त्यातलं एक नाव ओळखीचं होतं. त्यांच्या आज्याच्या धाकट्या भावाचं. ते पारावरून खाली उतरले.

"ह्यो मोडा भ्यायचा न्हाई," अंबूबाई म्हणाल्या. "ह्यो मेलं न्हाई कुनी त्याचा हाय. आनि ही पोरगी," त्यांनी काठीने शाळेकडे दाखवलं, "त्याच तापाच्या मागं लागलीय. कुदळ भित्तीलाच राहावी म्हून. तिला तुमी सुई न्हाई म्हनताय."

 खाली खाचरातून ओढ्याचं पाणी वाहण्याचा आवाज येत होता. सावळाराम अंबूबाईंच्या पाया पडले. त्यांनी पाय मागे घेतले आणि म्हणाल्या, "माज्या कशाला पडतोस? जा, हात दे."

सावळाराम सरळ शाळेकडे निघाले. चालता चालता सदऱ्याची बाही वर करत होते. "म्या पयला," ते म्हणाले. मागून रखमाजी ओरडले, "आरं, मग म्या दुसरा. माळकरी मानसाला रांगेत कोनी घेतं का न्हाई?" आणि पार रिकामा झाला.

भार्गवीने खिडकीतून ती रांग येताना पाहिली. ती उठली, हातमोजे चढवले. एक हातमोजा दोनदा उलटा चढवला. सावळाराम खुर्चीत बसले आणि सुई टोचताना त्यांनी डोळे मिटून गाऱ्हाणं पुरं केलं. रांग शाळेच्या दारातून हापशापर्यंत गेली. पुण्याहून आलेली पोरं, सासुरवाशिणी, एक नवरा-बायको आपसांत भांडत आले आणि भांडतच टोचून घेऊन गेले. रखमाजींची शीर सापडेना. ते संजयला म्हणाले, "किकवीच्या मानसाला शीर दिसनार कशी? हायवेवर समदं सरळ असतं." यंत्र सारखं फिरत होतं. दिवेलागणीच्या आत पेट्या भरून गाडीत चढल्या. गाडी नसरापूरच्या वळणावर आली तेव्हा भार्गवी मागच्या पेटीवर हात ठेवून बसली होती, लहानपणी नव्या दप्तरावर ठेवायची तसा.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला कुदळीबद्दल विचारावंसं कसं वाटलं?"

"बोलायला दुसरं काही सुचलं नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं.

निकाल माघात आला. तो आधी दांडवाडीत सांगायचा असं भार्गवीने ठरवलं. त्याच पारावर गाव बसलं. सुलूही आली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून.

भार्गवी उभी राहिली. ज्यांना नवी लस मिळाली होती त्यांच्या रक्ताने गेल्या कित्येक वर्षांतली डोकी लावलेले विषाणू ओळखले होते. यंदाचे, दहा वर्षांपूर्वीचे, कोंबड्यांमधलेसुद्धा. नेहमीच्या लशीला इतकं जमलं नव्हतं. मोठ्या चाचणीला मंजुरी मिळाली होती आणि तिचा खर्चही मिळाला होता. "अजून पुष्कळ काम आहे," ती म्हणाली. "पण देठ धरला गेला."

मग कोणाला कुठली लस मिळाली होती ते प्रत्येकाला सांगितलं. रखमाजींना नेहमीचीच मिळाली होती. त्यांचा चेहरा पडला.

"म्हंजे माझ्यात अळीची न्हाई?"

"नाही, अण्णा."

"म्या मनाची येवढी तयारी केली व्हती." ते माळेशी चाळा करत बसले. "पुढच्या खेपंला मला ती अळीचीच द्या. नाव लिवून ठेवा."

"सावळारामाला मिळाली व्हय?" कोणीतरी विचारलं.

"मिळाली," सावळाराम म्हणाले, आणि दंड चोळून दाखवला, जणू अजून दुखत होता.

"आणखी एक तपासलं," भार्गवी म्हणाली. "मानमोडीचा तो विषाणू कसा होता हे आता माहीत आहे. त्याचं नुसतं प्रथिन आम्ही बनवतो. त्याने ताप येत नाही. तुमच्या रक्ताने तेही धरलं. वनिताताई, तुमच्या रक्ताने तर फार घट्ट धरलं."

वनिताताईंनी पदराने तोंड पुसलं. सगळे अंबूबाईंकडे बघत होते. त्या पाराच्या कडेला, लोकांनी मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या जागेवर बसल्या होत्या. हातात काठी आणि मांडीवर कुदळ होती. ती त्यांनी स्वतःच आणवली होती.

"म्हंजे ती परत आली, तर हिचं रगत तिला वळखंल?" त्यांनी सुनेकडे बोट केलं.

"ओळखेल, आजी."

अंबूबाईंनी पात्यावरून अंगठा फिरवला. "तेल लावत जा गं," त्या वनिताताईंना म्हणाल्या. "भित्तीला राहायची, तर गंजून कशाला राहायची?"

सावळारामांनी गाऱ्हाणं म्हटलं. मोडा नव्हता, तरी म्हटलं. या वेळी भरभर नाही. "सटवाची कुदळ भित्तीला राहू दे," ते म्हणाले आणि जरा थांबून त्यांनी स्वतःच्या पदरचं जोडलं, "आनि भार्गवीबाईच्या देठाला बळ दे."

"चांगभलं," गाव एका आवाजात म्हणालं.

मी कधी आवाज चढवत नाही. लग्नात मंगलाष्टकांनाही नुसते ओठ हलवतो. त्या दिवशी काय झालं माहीत नाही. सगळे गप्प झाल्यावर, एकट्याने, घसा फाटेल इतक्या मोठ्याने मी "चांगभलं" म्हणालो. सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. मग सुलू हसायला लागली, मग भार्गवी, मग आख्खा पार. मला तिथे लाज वाटायला हवी होती. मी वाट पाहिली, पण ती काही वाटली नाही.